तळण टाळलं, पण मीठ वाढलं? ओव्हनमधल्या कुरकुरीत चिलापीची गोष्ट

उजनीच्या काठावर चिलापी खायच्या दोनच तऱ्हा आहेत. एक तर हळद, मीठ, तिखट लावून तळायची, नाहीतर वाटण घालून रस्सा करायचा. पुणे-सोलापूर रस्त्यानं जाताना भिगवणला गाडी थांबवणारेसुद्धा तळलेल्या माशासाठीच थांबतात. पण आता इंदापूर, करमाळा, माढ्याकडच्या घरांतही ओटीजी नाहीतर एअर फ्रायर दिसायला लागलाय. सणाच्या ऑफरमध्ये घेतलेला, दोनदा केक केलेला, आणि मग फडकं टाकून ठेवलेला. त्याच वेळी मोबाईलवर मात्र रोज व्हिडिओ येतात : माशाचा काटे काढलेला तुकडा, त्याला सोया सॉस, आलं, लसूण, वरून पावाचा चुरा आणि तीळ, पंधरा मिनिटं ओव्हनमध्ये, झालं. जपानी, थाई, चायनीज अशी कुठलीही पाटी लावलेली असते.

आमच्या घरी हा प्रकार आला तो वडिलांमुळे. ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, तळलेलं कमी, मीठ कमी. मासा सोडणार नाही, हे वडिलांनी तिथंच सांगून टाकलं. मग ओटीजीवरचं फडकं निघालं. पहिल्या खेपेला जे ताटात पडलं ते सांगण्यासारखं नव्हतं. खालून पचपचीत, वरचा चुरा ओल्या भुशासारखा, आणि काट्याचमच्यानं उचलला की मासा एकीकडं, कवच दुसरीकडं. तरी आम्ही खूष, कारण तळण टाळलं होतं. दोन दिवसांनी सोया सॉसची बाटली हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली तेव्हा डोक्यात उजेड पडला. मासा पचपचीत होण्याचं एक कारण आणि वडिलांना नको असलेली गोष्ट एकाच बाटलीत होती.

एका चमच्याचे दोन घोटाळे

सोया सॉस म्हणजे नुसता काळा रंग नव्हे. खरा सोया सॉस सोयाबीन आणि गहू शिजवून-भाजून, त्यावर खास बुरशी वाढवून, मग मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवून करतात. मीठ कमी पडलं तर तो नासेल, म्हणून मीठ भरपूरच लागतं. (आपल्या लातूर-धाराशिवकडं सोयाबीनची एवढी शेती आहे, पण आपलं सोयाबीन जातं तेलाच्या गिरणीत आणि पेंड जाते कोंबडीखाद्यात. सॉस करायची परंपरा चीन-जपानची.) स्वस्तातला सॉस बऱ्याचदा मुरवलेला नसतोच. सोयाबीनच्या पेंडीतलं प्रथिन आम्ल वापरून फोडायचं आणि कॅरॅमलचा रंग द्यायचा. खारटपणा मात्र दोन्हीत तेवढाच.

आकडे बघा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सोडियमच्या हिशोबात २००० मिलिग्रॅमच्या आत. साध्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जवळजवळ अर्धा दिवस एका चमच्यात संपला. त्यात व्हिडिओत सांगतात, मासा सॉसमध्ये तासभर बुडवून ठेवा, वर चवीपुरतं मीठ घाला, खायला पुन्हा सॉसची वाटी बाजूला ठेवा. भाकरीतलं, भाजीतलं, लोणच्यातलं मीठ अजून मोजलेलंच नाही. तेल वाचवलं म्हणून पाठ थोपटून घ्यायची आणि मीठ दुप्पट करायचं, हा कसला पथ्याचा मासा?

आता दुसरा घोटाळा. मीठ माशाच्या मांसातलं पाणी बाहेर ओढतं. काकडीच्या कोशिंबिरीत आधी मीठ घातलं की ताटात पाणी सुटतं, तेच इथंही होतं. तासभर सॉसमध्ये ठेवलेल्या तुकड्याच्या अंगावर ओल येते, त्यावर आपण चुरा दाबतो आणि ओव्हनमध्ये ढकलतो. जोवर तिथं पाणी आहे तोवर त्या जागेचं तापमान १०० अंशाच्या वर फारसं जात नाही. आणि भाकरीला, पावाला, माशाला जो खमंग तांबूस रंग येतो तो साधारण १४० अंशाच्या पुढं येतो. म्हणजे चुरा भाजला जातच नाही, वाफवला जातो. कढईत ही अडचण येत नाही, कारण उकळतं तेल चारी बाजूंनी भिडतं आणि ओल झटक्यात उडवून लावतं. ओव्हनमधली गरम हवा त्या मानानं फार मवाळ.

म्हणून सॉस कमी वापरायचा आणि उशिरा लावायचा. एवढं जमलं की अर्धं काम झालं.

कुठला मासा घ्यायचा

रोहू-कटला या कामाला नको. चवीला चांगलेच, पण या जातीच्या माशांच्या मांसात मधे मधे बारीक, दोन फाटे फुटलेले काटे असतात. ते कितीही कुशल हातानं सगळे निघत नाहीत. आपण तळताना चरे मारतो ते त्याचसाठी. कवचाखाली असला काटा लपला आणि म्हाताऱ्या माणसाच्या किंवा पोराच्या घशात गेला तर धावपळ होते. चिलापीच्या मांसात असले सुटे काटे नसतात. मधला कणा, बरगड्या आणि मधल्या रेषेवरची एक छोटी रांग काढली की तुकडा साफ. मरळही चालतो, पण भाव बघून घ्या.

चिलापी तशी आपली नव्हे. ती मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आणली गेली आणि आता उजनीत इतकी माजली की स्थानिक माशांचं काय झालं, यावर स्वतंत्र लिहावं लागेल. पण ताटात यायला ती हरकत नाही.

मच्छीवालीला सांगताना ‘फिलेट’ म्हणालात तर काही जणी बघतच राहतील. ‘दोन्ही अंगाचं मांस काट्यावरून सोलून द्या, सालही काढा’ असं सांगा. मासा पाऊण किलोच्या पुढचा बघा; लहान माशात हाताला काही लागत नाही. एक किलोच्या माशातून साधारण तीन-साडेतीनशे ग्रॅम साफ मांस निघतं, बाकी डोकं, काटा आणि खवले. म्हणजे किलोचा जो भाव आहे त्याची तिप्पट ही फिलेटची खरी किंमत. डोकं आणि काटा मात्र मागून घ्या.

घरीच काढायचं तर सुरी धारदार पाहिजे. कल्ल्यामागं काट्यापर्यंत एक काप, मग पाठीवरून शेपटीकडं कण्याला चिकटून सुरी फिरवत न्यायची. पहिल्या दोन माशांचा चिवडा होईल. त्याचे कटलेट करा, वाया काही जात नाही.

शहरातून बर्फातलं ‘बासा’ आणलं तर ते बहुतेक वेळा पंगस जातीच्या माशाचं असतं. मऊ, बिनवासाचं, बिनकाट्याचं. पण त्यात पाणी फार. वजनात बर्फाचा थर असतो, आणि काही फिलेटना पाणी धरून ठेवणारी फॉस्फेटसारखी द्रव्यंही लावलेली असतात. पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचा. असं फिलेट रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीवर ठेवून सुटू द्यायचं. गरम पाण्यात टाकून घाईनं सोडवलं तर कवच चिकटायचं विसरा.

मातीचा वास

धरणाच्या, तळ्याच्या माशाला कधी कधी चिखलाचा वास येतो आणि मग शहरातले पाहुणे नाक मुरडतात. हा वास ज्या द्रव्याचा, त्याला जिओस्मिन म्हणतात. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू ते तयार करतात, आणि ते माशाच्या सालीत आणि लालसर मांसात साठतं. गंमत म्हणजे वळवाचा पहिला पाऊस पडल्यावर जमिनीतून जो वास येतो आणि आपण छाती भरून घेतो, त्यातही हेच द्रव्य असतं. रानात अत्तर, ताटात नको!

आपल्या बायका मासा चिंचेच्या कोळात किंवा लिंबात घोळवतात ते अगदी बरोबर आहे, कारण आंबटात जिओस्मिन मोडतं. साल काढली की बराच वास तिथंच गेला. उरलेल्याला अर्ध्या लिंबाचा रस आणि हळद लावून दहा मिनिटं, बस्स. जास्त वेळ ठेवलं तर मांस बाहेरून पांढरं, खडूसारखं होतं. मग धुवायचं आणि स्वच्छ सुती फडक्यात दाबून कोरडं करायचं. एकदा नाही, दोनदा. फडकं ओलं झालं तर दुसरं घ्या. या कामाचा कंटाळा केलात तर पुढचं काहीही सुधारत नाही.

चुरा कशाचा

व्हिडिओत ‘पांको’ नावाचा चुरा दाखवतात. तो शहरात महागात मिळतो आणि आपल्याला लागत नाही. हा शब्द मात्र मजेदार आहे. जपानीत ‘पान’ म्हणजे पाव आणि ‘को’ म्हणजे पीठ, चुरा. ते ‘पान’ आलं पोर्तुगिजांकडून, आणि आपला ‘पाव’ही त्यांच्याकडूनच. म्हणजे पांको हा सरळ सरळ पावचुरा. जपानमध्ये त्यासाठी पीठाच्या गोळ्यातून वीज सोडून बिनकडेचा पाव भाजतात, म्हणून चुरा पांढरा आणि पाकळीदार येतो.

आपण काय करायचं? कालचे चार लादी पाव घ्या, वरची तांबूस कड कापा, आतला पांढरा भाग मोठ्या भोकाच्या किसणीवर किसा आणि उन्हात तासभर पसरा. मिक्सरमध्ये फिरवू नका, पीठ होतं. पाव नसेल तर पातळ पोहे कोरडे भाजून हातानं चुरडा, तेही छान लागतात. रवा मात्र नको. तव्यावर तेलात रवा झकास फुलतो. कोरड्या हवेत तो वाळूसारखा दाताखाली येतो, हे आमच्या दुसऱ्या खेपेचं शहाणपण.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा चुरा माशाला लावायच्या आधीच भाजून घ्यायचा. जाड तव्यात दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल, त्यात चुरा, मंद आचेवर हलवत राहायचं, फिकट बदामी रंग आला की उतरवायचा. कारण असं की मासा शिजायला फार वेळ लागत नाही. दीड सेंटिमीटर जाडीचा तुकडा बारा-चौदा मिनिटांत होतो. तेवढ्या वेळात कच्चा चुरा खमंग होतच नाही, आणि चुरा खमंग होईपर्यंत थांबलात तर मासा कोरडा पडतो. दोन्ही कामं एकाच वेळी ओव्हनवर टाकायचा हट्ट सोडला की भांडण मिटतं. उतरवल्यावर त्यात दोन चमचे तीळ मिसळा. तीळ आधी घातले तर जळून कडू होतात.

तेल एकूण दोन मोठे चमचे, चार माणसांत. माणशी दीड छोटा चमचा. तव्यावर ताज्या तेलात हलकं परतलेलं माशाचं तुकडं म्हणजे विष आहे असं माझं म्हणणं नाही. पण कढईभर तेल, आणि तेच तेल उद्या पुन्हा, परवा पुन्हा, हा प्रकार घरोघरी चालतो आणि तो वाईटच.

चव कुठून आणायची

मीठ कमी केलं की चव बसते, अशी भीती असते. इथंच पूर्वेकडच्या देशांची पद्धत कामाला येते, कारण त्यांच्याकडं आंबट, तिखट आणि सुगंध यांवर बराच भार असतो. थायलंडकडं जी लेमनग्रास वापरतात ती म्हणजे आपल्या परसातला गवती चहा. आपण पात चहात टाकतो. ते लोक खालचा पांढरा कोवळा दांडा ठेचून वापरतात. दोन दांड्यांचा खालचा चार बोटं भाग, एक इंच आलं, सहा लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची आणि मूठभर कोथिंबिरीच्या काड्या खलबत्त्यात बारीक कुटा. दांड्याचे धागे राहिले तर काढून टाका, घशात टोचतात.

अर्धा किलो फिलेटला हे वाटण चोळा. वर मीठ अजिबात नाही. पंधरा मिनिटं झाकून ठेवा आणि तेवढ्यात ओव्हन तापायला लावा. एका अंड्याचा पांढरा भाग फेसून त्यात एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि अगदी शेवटी दोन छोटे चमचे सोया सॉस घाला. दोन छोटे म्हणजे १० मिलिलिटर, साधारण ६०० मिलिग्रॅम सोडियम, चौघांत माणशी दीडशे. हे पातळ मिश्रण माशाच्या वरच्या बाजूला ब्रशनं लावायचं आणि लगेच चुरा दाबायचा. सॉस मांसात मुरायच्या आधीच कवचाखाली अडकतो आणि पहिल्या घासाला जिभेवर येतो, त्यामुळं कमी असूनही जाणवतो. खालच्या बाजूला चुरा लावू नका. तो ओला होणारच, उगाच कशाला?

पावातही थोडं मीठ असतं, तेवढं धरून चाला. ‘कमी मिठाचा’ सोया सॉस मोठ्या दुकानात मिळतो, पण तोही खारटच. आणि पोटॅशियमवालं मीठ किडनीचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तिळाचं तेल घालायचं तर एक खुलासा. चिनी-जपानी जेवणातलं तपकिरी तेल भाजलेल्या तिळाचं असतं. आपल्या घाण्याचं तेल कच्च्या तिळाचं, त्याला तो वास नाही. त्यापेक्षा चमचाभर तीळ भाजून कुटा आणि ताटात वरून भुरभुरा. पाहुण्यांना तीळ, शेंगदाणे किंवा सोयाची अॅलर्जी आहे का, हे आधी विचारा.

ओव्हन आणि आपली लाईट

शहरातल्या रेसिपीत जे कधीच लिहिलेलं नसतं ते हे. ओटीजीची उष्णता व्होल्टेजवर चालते, आणि ती व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते. २३० व्होल्टऐवजी घरात १८० आले तर कॉईल साठ टक्क्यांच्या आसपासच उष्णता देते. संध्याकाळी डीपीवर सगळ्या मोटारी आणि घरचे दिवे एकदम आले की बटण २१० अंशांवर असतं, आतलं तापमान मात्र तिथं पोचलेलंच नसतं. ‘रेसिपीप्रमाणंच केलं, तरी झालं नाही’ असं म्हणणाऱ्या कित्येकींचा यात काही दोष नाही.

यावर उपाय साधा आहे. मिनिटं मोजू नका, ओव्हन बघा. तापायला दहाऐवजी वीस मिनिटं द्या, कॉईल लाल होऊन एकदा बंद पडली की आतली हवा तापली असं समजा, मगच मासा आत. पंख्याची हवा फिरणारा ओव्हन असेल तर २०० अंश, नसेल तर २१०, वरची-खालची दोन्ही कॉईल चालू. तुकडे ट्रेवर थेट ठेवू नका. ट्रेवर जाळी, जाळीवर मासा, म्हणजे खालची वाफ निसटते. दार सारखं उघडून बघायचा मोह आवरा. नुसत्या साध्या मायक्रोवेव्हमध्ये हे होणार नाही. तो पाणी तापवतो, भाजत नाही. एअर फ्रायर चालेल, १९० अंश, आठ-दहा मिनिटं, पण दोन-दोनच तुकडे.

झालं कसं ओळखायचं? जाड भागात सुरीचं टोक घालून पाच सेकंद थांबा आणि ओठाला लावून बघा, चांगलं गरम लागलं पाहिजे. मांस पारदर्शक न दिसता दुधासारखं पांढरं, आणि हलकं दाबलं की पापुद्रे सुटतात. तापमापी असेल तर आत ६३ अंश. गोड्या पाण्याचा मासा अर्धाकच्चा खायचा नाही. जपानी पदार्थ म्हणून कच्चा ठेवायची हौस तर इथं मुळीच नको, या माशांत परजीवी असू शकतात.

बाहेर काढल्यावर दोन मिनिटं जाळीवरच राहू द्या. ताटली झाकू नका. डब्यात भरून शेतावर न्यायचा हा पदार्थ नाही, झाकणाखाली वाफ धरते आणि पहिल्या खेपेची गत होते. सोबत सॉसची वाटी ठेवायची नाही. लिंबाची फोड, कांदा, आणि काकडी-गाजराचे लांब काप व्हिनेगर व चिमूटभर गुळात घोळवून. आमच्याकडं ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात, जपानी माणूस काय म्हणेल ते म्हणो. वडील पहिल्यांदा म्हणाले, ‘मीठ घालायचं राहिलं का गं?’ लिंबू पिळल्यावर गप्प बसले आणि दुसरा तुकडा घेतला.

डोकं आणि काटा राखून ठेवला असेल तर त्याच संध्याकाळी रस्सा टाका. भाजलेला कांदा-खोबरं, धने, थोडी चिंच, आणि मीठ हात आखडूनच. त्यात सोया सॉस घालायचा नाही, हे सांगायची गरज नसावी.